काटा डळमळतो, तेव्हा दोष इंजिनाचा की तबकडीचा?

बेळगावच्या सांब्रा विमानतळाच्या परिसरात राहणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत एका नव्या आवाजाची सवय झाली आहे. प्रवासी जेट विमानाचा तो गडगडाट नव्हे. एका पंख्याच्या छोट्या प्रशिक्षण विमानाची ती एकसुरी घरघर आहे. बारामती, गोंदिया, जळगाव, इंदूर येथेही असाच आवाज दिवसभर आकाशात फिरत असतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते, आणि त्यातले बहुतेक तास सेसना १५२ किंवा १७२ यांसारख्या विमानांतच भरले जातात. गोवा, सीमाभाग आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली मुले-मुली आज या तासांच्या मागे आहेत. त्यांच्यासमोरच्या फलकावर एक साधी दिसणारी तबकडी असते. इंजिनाचा दांडा मिनिटाला किती फेरे घेत आहे, एवढेच ती सांगते. तिला टॅकोमीटर म्हणतात. हा काटा एके दिवशी थरथरू लागला, मध्येच उडी मारू लागला किंवा शून्यावर जाऊन पडला, तर त्याचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

मोटार चालवणारा माणूस टॅकोमीटरकडे क्वचितच पाहतो, आणि त्याचे त्यावाचून काही अडतही नाही. छोट्या विमानाचे तसे नसते. सेसना १५२ आणि बहुतेक १७२ विमानांच्या पंख्याची पाती एकाच कोनात पक्की बसवलेली असतात. अशा विमानात इंजिन किती शक्ती देत आहे हे वैमानिकाला सांगणारे मुख्य साधन म्हणजे हे फेरेच. उड्डाण करताना इंजिन पूर्ण शक्ती देते आहे का, समतल उड्डाणात इंधन किती जळेल, उतरताना शक्ती किती ठेवायची, या सगळ्यांची उत्तरे फेऱ्यांच्या आकड्यांत दिलेली असतात. म्हणूनच अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांत प्रत्येक इंजिनासाठी टॅकोमीटर हे अगदी साध्या, दिवसाच्या उड्डाणासाठीही अनिवार्य उपकरणांच्या यादीत आहे.

तबकडीवर एक लाल रेघही असते. सेसना १५२ मध्ये ती २५५० फेऱ्यांवर असते, तर १७२ च्या ‘एस’ आवृत्तीत २७०० वर. ही रेघ सावधगिरीचा सल्ला म्हणून ओढलेली नाही. १७२ ‘एस’चा पंखा सुमारे १.९ मीटर व्यासाचा आहे. २७०० फेऱ्यांना त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने हवा कापत असते. पाते मुळापासून उपटू पाहणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे एक-दशांशाने वाढले, तर बल एक-पंचमांशाहून जास्त वाढते. काही विमानांत लाल रेघेच्या बरेच अलीकडेही एक निषिद्ध पट्टा असतो. पायपर चेरोकी १८० च्या काही विमानांत २१५० ते २३५० फेऱ्यांच्या दरम्यान सतत उडू नये असे बंधन आहे, कारण त्या वेगाला इंजिन आणि पंखा यांची कंपने एकमेकांना साथ देतात आणि पात्याचा धातू थकतो. टॅकोमीटर १०० फेरे कमी दाखवत असेल, तर २१०० वर काटा ठेवून निश्चिंत बसलेला वैमानिक प्रत्यक्षात त्या पट्ट्यात तासन्‌तास उडत असतो. त्याला काहीही जाणवत नाही.

आधी इंजिन, मग तबकडी

काटा अस्थिर दिसला की पहिला प्रश्न एकच : फेरे खरोखर बदलत आहेत, की फक्त काटा हलतो आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी ‘मीटर बिघडले असेल’ असे म्हणून मोकळे होणे ही या विषयातली सर्वांत महाग चूक ठरू शकते. कारण फेरे खरोखर पडण्याची काही कारणे उपकरणाच्या बिघाडासारखीच हळुवारपणे सुरू होतात.

त्यातले प्रमुख कारण म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये जमणारा बर्फ. गोव्यासारख्या दमट, उष्ण प्रदेशात बर्फाची भीती कसली, असे कोणालाही वाटेल. परंतु कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो, त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि या दोहोंमुळे तिथले तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून अधिक खाली येऊ शकते. बाहेर २५ अंश असताना आत गोठणबिंदू गाठला जातो. हवेत बाष्प भरपूर असेल, तर त्याचा बर्फ गळ्याच्या भिंतींवर चढू लागतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. पावसाळी हवेत, शक्ती कमी करून उतरत असताना हा धोका विशेष असतो. पक्क्या कोनाच्या पंख्याच्या विमानात या बर्फाची पहिली खूण म्हणजे फेऱ्यांत होणारी मंद घट. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका ओढला की फेरे आधी आणखी थोडे पडतात, इंजिन क्षणभर खडखडते, आणि बर्फ वितळला की फेरे पूर्वीपेक्षा वर चढतात. असे झाले तर काटा खरेच बोलत होता. इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनांत, म्हणजे १७२ च्या ‘आर’ आणि ‘एस’ आवृत्त्यांत, कार्ब्युरेटरच नसल्याने हे दुखणे नाही. मात्र काजळलेला स्पार्क प्लग, अडकणारी झडप, हवेच्या नळीतली गळती किंवा आजारी मॅग्नेटो यांपासून कोणतेच पिस्टन इंजिन मुक्त नाही. पात्यांचा कोन आपोआप बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात आणखी एका कारणाची भर पडते. तेलाच्या दाबावर चालणारे त्याचे नियंत्रक डळमळू लागले की फेरे खरोखरच वरखाली झोके घेतात.

खरे आणि खोटे ओळखण्याची सर्वांत विश्वासार्ह खूण भौतिकशास्त्राने दिली आहे. धातूचा पंखा जड असतो; तो एखाद्या मोठ्या चक्रासारखा आपला वेग सांभाळून असतो. त्याला मिनिटाला २३०० वरून २९०० फेऱ्यांवर पापणी लवायच्या आत नेणे कोणत्याही छोट्या इंजिनाच्या आवाक्यात नाही. त्यामुळे काटा क्षणात पाच-सहाशे फेऱ्यांची उडी मारून परत येत असेल आणि त्याच वेळी आवाजात, कंपनात, विमानाच्या नाकाच्या ओढीत काहीही फरक जाणवत नसेल, तर ती उडी खोटी आहे. उलट, काटा सावकाश, सलग उतरत असेल, तर तो खरा मानूनच पुढचे पाऊल टाकावे.

दुसरा साक्षीदार म्हणजे कान. चार सिलिंडरचे चार-आघाती इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेटते. २४०० फेऱ्यांना सेकंदाला ८० स्फोट होतात. दोन पात्यांचा पंखाही त्याच वेळी सेकंदाला ८० वेळा हवेला थाप मारतो. हा खर्जातला सूर शंभर फेऱ्यांनी उतरला, तर कानाला कळतो. मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारी साधने आता सहज मिळतात, आणि जमिनीवरच्या तपासणीत त्यांचा ढोबळ पडताळ्यासाठी उपयोग होतो. तिसरा साक्षीदार फलकावरच असतो. फेरे खरोखर पडले असतील, तर इंधनाचा प्रवाह दाखवणारा मापक, निष्कास वायूचे तापमान आणि हवेतला वेग यांतले काहीतरी हलेलच. तिघेही स्थिर आणि एकटा टॅकोमीटर नाचतो आहे, असे असेल तर संशयाची सुई इंजिनावरून उपकरणाकडे वळवायला हरकत नाही.

हवेत असताना वैमानिकाने काय करावे, हेही यातूनच ठरते. सर्वांत धोकादायक प्रसंग उड्डाणानंतर लगेचचा. काटा अचानक लाल रेघेच्या पलीकडे गेला म्हणून घाबरून थ्रॉटल मागे ओढला, आणि ती उडी खोटी होती, तर जमिनीपासून अवघ्या काहीशे फुटांवर, जिथे शक्तीची सर्वाधिक गरज असते तिथे, ती स्वतःच्याच हाताने गमावली जाते. म्हणून काट्याचा पाठलाग करायचा नाही. विमानाचा कल आणि हवेतला वेग सांभाळायचा. पक्क्या कोनाच्या पंख्याचे विमान ठरावीक कलाने, ठरावीक वेगाने चढत असेल, तर फेरे आपोआपच एका मर्यादेत असतात. काटा शून्यावर पडूनही इंजिन सुरात चालत असेल, तर सोयीच्या धावपट्टीवर शांतपणे उतरता येते. पण आवाजात किंचितही शंका आली, तर ते इंजिनाचेच दुखणे समजून कार्ब्युरेटरची गरम हवा, इंधनाची टाकी, मिश्रण आणि मॅग्नेटो या क्रमाने पाहणे आणि जवळचा विमानतळ गाठणे, हाच मार्ग आहे.

तार फिरते, काटा डोलतो

दोष उपकरणाकडे आहे असे ठरल्यावर ते उपकरण कोणत्या जातीचे आहे हे पाहावे लागते. जुन्या प्रशिक्षण विमानांत अजूनही यांत्रिक टॅकोमीटर पुष्कळ आढळतात. इंजिनाच्या मागच्या बाजूस असलेल्या एका छोट्या दंतचक्राला पोलादी तारांची पिळलेली लवचीक दोरी जोडलेली असते. ती एका नळीतून फलकापर्यंत येते. लायकॉमिंग इंजिनांत ही दोरी इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणजे इंजिनाच्या २४०० फेऱ्यांना तिचे १२०० फेरे होतात. तबकडीच्या मागे ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते, जिचा चुंबकाला स्पर्शही होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे उठतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक कमानी तिला अडवते. ओढ आणि अटकाव यांचा जिथे तोल साधतो, तिथे वाटीला जोडलेला काटा थांबतो.

जुन्या स्कूटरचा वेगमापक नेमका याच तत्त्वावर चालत असे. गोव्यात मोटारसायकलवरून भाडे नेणाऱ्यालाही ‘पायलट’च म्हणतात, आणि त्या पायलटांच्या जुन्या पिढीला ‘केबल सुकली की काटा नाचतो’ हे वेगळे शिकवावे लागत नाही. विमानातही तेच घडते. नळीतले वंगण वाळले, नळीला कुठे तीव्र बाक आला किंवा दोरीचा एखादा पीळ सुटला की ती अडखळत फिरते. क्षणभर अडकते, पीळ भरतो, मग एकदम सुटते. काटा त्या तालावर डोलतो. ही डोल कमी फेऱ्यांना जास्त दिसते आणि वेग वाढला की बहुधा निवते. दोषाची जागा ओळखायला एवढे वर्तनही पुरेसे बोलके असते. ग्वाल्हेरच्या थंडीत पहाटे काटा उड्या मारतो आणि इंजिन तापल्यावर शहाण्यासारखा वागतो, तेव्हा घट्ट झालेल्या जुन्या वंगणाकडे बोट दाखवायला हरकत नाही. फलकामागून बारीक किंचाळण्याचा आवाज येत असेल, तर दोरी कोरडी पडली आहे. फलक काढून पुन्हा बसवल्यानंतरच दोष सुरू झाला असेल, तर नळीचा बाक बदलला आहे का, आणि ती विमानाच्या नियंत्रक दांड्यांना कुठे घासत तर नाही ना, हे आधी पाहावे. यातला दुसरा मुद्दा टॅकोमीटरपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

उपाय सोपा, पण हात आखडता ठेवून करायचा. दोरी बाहेर काढून पुसायची, बोटांतून फिरवून तुटलेला धागा टोचतो का पाहायचे, दोन्ही चौकोनी टोके गोल झाली आहेत का तपासायची, आणि वंगण अगदी बेताने, तेही वरचा तबकडीकडचा भाग सोडून लावायचे. ‘जास्त लावले तर जास्त टिकेल’ असा विचार करून ओतलेले वंगण दोरीच्या फिरण्याबरोबर वर चढते, वाटीत शिरते आणि चांगले उपकरण बिघडवते. इंजिनाकडील तेलरोधक कडी झिजली असेल, तर इंजिनाचे तेलही त्याच वाटेने फलकापर्यंत येते. नळीचे तबकडीकडचे टोक सोडवल्यावर तिथे काळे तेल दिसले, तर नवी तबकडी बसवण्यापूर्वी ती कडी बदलायला हवी. नाहीतर नवी तबकडीही त्याच रोगाने जाईल.

यांत्रिक टॅकोमीटरमध्ये एक उपयोगी पडताळा तबकडीच्या पोटातच असतो. तिथे तासांची नोंद करणारे आकडे असतात आणि ते चुंबक-वाटीवर नव्हे, थेट दोरीने फिरणाऱ्या दंतचक्रांवर चालतात. काटा मेला पण तास पुढे सरकत आहेत, तर दोरी शाबूत आहे आणि दोष वाटी-कमानीत आहे. दोन्ही थांबले, तर दोरी तुटली आहे किंवा टोक निसटले आहे.

थरथर निदान डोळ्यांना दिसते तरी. वय झालेल्या टॅकोमीटरचा सावकाश ढळणारा काटा त्याहून लबाड असतो. चुंबक दुबळे झाले की ओढ कमी होते आणि काटा खरे फेरे आहेत त्यापेक्षा कमी दाखवतो. कमानी सैल झाली तर उलटे. दोन्ही प्रकारांत काटा स्थिर, आज्ञाधारक आणि चुकीचा असतो.

ठिणग्यांची मोजदाद

नव्या विमानांत दोरी नाही; तिथे स्पंदने मोजली जातात. १७२ च्या काचफलकाच्या आवृत्तीत इंजिनावरच्या टॅकोमीटरच्या त्याच जुन्या जागी एक वेगसंवेदक बसवलेला असतो आणि तो अंकीय स्पंदने संगणकाकडे पाठवतो. काही उपकरणे मॅग्नेटोच्या हवेच्या छिद्रात बसवलेल्या संवेदकाने आतल्या फिरत्या चुंबकाची दखल घेतात. आणखी काही मॅग्नेटोपासून किल्लीच्या खटक्याकडे जाणाऱ्या तारेतूनच ठिणगीची स्पंदने उचलतात. या तारेला कारागिरांच्या बोलीत ‘पी-लीड’ म्हणतात. हलक्या विमानांत आढळणाऱ्या रोटॅक्स ९१२ मध्ये टॅकोमीटरसाठी वेगळे वेटोळे दिलेले असते; त्या इंजिनाचा दांडा ५८०० फेऱ्यांपर्यंत पळतो आणि दंतचक्रांमुळे पंखा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने फिरतो. त्यामुळे तिथला आकडा पाहून सेसनावर शिकलेल्याने दचकू नये.

स्पंदने मोजणाऱ्या यंत्राचा दोष समजून घ्यायला साधे गणित पुरते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एका मॅग्नेटोकडून दोन स्पंदने येतात. यंत्र सेकंदाला ८० स्पंदने मोजते आणि २४०० दाखवते. तारेत कुठूनतरी गोंगाट शिरला आणि प्रत्येक फेऱ्याला एक खोटे स्पंदन जास्त मोजले गेले, तर दोनाचे तीन होतात आणि पडद्यावर ३६०० उमटतात. उलट सैल जोडामुळे स्पंदने गळाली, तर आकडा खाली पडतो. म्हणून वरच्या दिशेच्या उड्या दिसल्या की गोंगाट शोधावा आणि खालच्या दिशेच्या बुडक्या दिसल्या की तुटका जोड. आकडा स्थिर असून बरोबर दुप्पट किंवा बरोबर निम्मा दिसत असेल, तर तो बिघाड नसून बहुधा यंत्रात भरलेली सिलिंडरची किंवा स्पंदनांची संख्या चुकलेली असते. सहा सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्याला तीन ठिणग्या पडतात हे विसरून चार सिलिंडरची संख्या तशीच ठेवली, तर आकडा दीडपट येतो.

गोंगाट कुठून येतो हे शोधताना उडीची वेळ लक्षात ठेवणे हे निम्मे निदान आहे. वैमानिकाने नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठी बटण दाबले की आकडा उडतो का? मग रेडिओच्या अँटेनाची केबल किंवा तिचे आवरण पाहावे. पंखांच्या टोकांवरील दिव्यांच्या लखलखाटाच्या तालावर उडतो का? मग त्या दिव्यांच्या वीजपुरवठ्याकडे जावे. जमिनीवर अल्टरनेटर क्षणभर बंद करताच आकडा शांत झाला, तर शोध तिथे संपतो. यांतले काहीच नसेल, तर बहुतेक वेळा अपराधी अगदी सामान्य असतो: भूसंपर्काचा सैल झालेला स्क्रू, आवरण उघडे पडलेली तार, जोडातली गंजलेली पिन. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तांब्यावर चढणारा हिरवा थर डोळ्यांना दिसण्याआधीच स्पंदने गिळू लागतो. तार हलवून पाहण्याची जुनी युक्ती इथेही चालते. पण ती इंजिन बंद ठेवून, मापक लावून करायची. फिरत्या पंख्यामागे हात घालून नव्हे.

उड्डाणापूर्वीच्या नेहमीच्या मॅग्नेटो तपासणीतही बरेच उलगडते. १७२ ‘एस’मध्ये १८०० फेऱ्यांना एकेक मॅग्नेटो बंद केला जातो, फेरे १५० हून जास्त पडू नयेत आणि दोन्ही बाजूंतला फरक ५० हून जास्त नसावा, अशी अट आहे. पी-लीडवरून मोजणाऱ्या यंत्राची तार फक्त डाव्या मॅग्नेटोला जोडलेली असेल, तर डावा बंद करताच आकडा शून्य होतो आणि इंजिन मात्र चालूच राहते. तो बिघाड नव्हे, जोडणीचा स्वभाव आहे. छिद्रातल्या संवेदकाचे तसे होत नाही, कारण मॅग्नेटो बंद केला तरी त्यातले चुंबक फिरतच असते. परंतु आकड्याच्या उड्या एकाच मॅग्नेटोवर दिसत असतील आणि दुसऱ्यावर नाही, तर टॅकोमीटर सोडून त्या मॅग्नेटोचे झाकण उघडायला हवे. झिजलेले संपर्कबिंदू किंवा सैल तार यांची पहिली तक्रार अनेकदा इंजिनाच्या आधी टॅकोमीटर करतो.

पी-लीड तुटली तर काय होते, हे विमानाच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. मोटारीत किल्ली बंद केली की ठिणगीचा वीजपुरवठा तुटतो. मॅग्नेटोचे उलटे आहे. तो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो, आणि त्याला गप्प करायचे तर पी-लीडने त्याला जमिनीशी जोडावे लागते. ती तार तुटली, तर किल्ली खिशात असतानाही मॅग्नेटो जिवंत राहतो. अशा विमानाचा पंखा कोणी सहज हाताने फिरवला, तर सिलिंडरमध्ये उरलेल्या थोड्याशा इंधनावर तो एक झटका घेऊ शकतो. तो झटका हात तोडायला पुरेसा असतो. म्हणून टॅकोमीटरचे स्पंदन पी-लीडवरून येत असेल आणि आकडा अधूनमधून गायब होत असेल, तर पंख्याच्या कक्षेत कोणालाही जाऊ न देता आधी तार तपासावी. इंजिन मंद चालू असताना किल्ली क्षणभर बंद करून ते विझू लागते की नाही हे पाहणे ही त्यासाठीची रूढ चाचणी आहे. विझू लागले नाही, तर एक मॅग्नेटो बांधलेला नाही.

ट्यूबलाइटची साक्ष

दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर, दोन्ही वेळा खरे फेरे किती हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. त्यासाठी हातात धरायचे प्रकाशीय टॅकोमीटर मिळते. कॉकपिटमध्ये बसून ते पंख्यातून आकाशाकडे रोखायचे. प्रत्येक पाते प्रकाश अडवते आणि यंत्र ते मोजते. पात्यांची संख्या मात्र बरोबर निवडावी लागते.

या यंत्राचीही परीक्षा घेणारे साधन कोणत्याही हँगरमध्ये टांगलेले असते. जुन्या चोकची ट्यूबलाइट ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा लुकलुकते. दोन पात्यांसाठी लावलेले प्रकाशीय टॅकोमीटर तिच्याकडे रोखले की त्यावर ३००० दिसायला हवेत.

त्याहून सुंदर पडताळा संध्याकाळी होतो. विमान हँगरबाहेर, पण लुकलुकत्या दिव्याचा प्रकाश पंख्यावर पडेल असे उभे करून वैमानिकाने आसनावरूनच पंख्याकडे पाहावे. दोन पात्यांचा पंखा १५०० फेऱ्यांना दोन लुकलुकींच्या मध्ये नेमका पाव फेरा घेतो, आणि हवेत चार पात्यांची एक अंधुक फुली स्थिर उभी राहते. फुली पंख्याच्या दिशेने सेकंदाला पाव फेरा सरकू लागली, तर इंजिन १५ फेऱ्यांनी पुढे आहे. उलट सरकली तर तितकेच मागे. फुली थांबली असताना तबकडी १४०० दाखवत असेल, तर तबकडी १०० फेऱ्यांनी खोटी आहे, मग काटा कितीही स्थिर असो. १००० आणि २००० फेऱ्यांना अशीच सहा पात्यांची आकृती दिसते. अमेरिकेतल्या पुस्तकांत दिलेले आकडे मात्र इथे चालत नाहीत, कारण तिथली वीज ६० हर्ट्‌झची आहे. शिवाय नव्या एलईडी दिव्यांपैकी बरेचसे लुकलुकतच नाहीत, आणि जनरेटरवर चालणाऱ्या दिव्यांच्या वारंवारतेचा भरवसा नसतो.

या सगळ्यानंतर उरतो तो कागद. भारतात नोंदणी झालेल्या विमानाच्या टॅकोमीटरची दुरुस्ती किंवा बदल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या देखभाल अभियंत्याच्या सहीशिवाय पूर्ण होत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणारी माहिती मात्र वैमानिकच लिहितो. ‘आरपीएम अस्थिर’ एवढेच लिहिले, तर अभियंता अर्धा दिवस फलकामागे डोके घालून बसतो आणि शेवटी ‘जमिनीवर दोष आढळला नाही’ असे लिहून विमान परत देतो. तोच दोष पुढच्या शिकाऊ वैमानिकाला उड्डाणानंतर तीनशे फुटांवर भेटतो. किती फेऱ्यांना सुरू झाले, उडी वर होती की खाली, आवाज बदलला का, कोणते बटण दाबले होते, कोणत्या मॅग्नेटोवर होते, इंजिन थंड होते की तापलेले, तासांचे आकडे सरकत होते का : एवढ्या सात गोष्टी पाठोपाठ लिहिल्या, तर बहुतेक वेळा झाकण उघडण्यापूर्वीच दोषाची जागा निश्चित होते.

यांत्रिक टॅकोमीटर बदलताना एक नोंद हमखास राहून जाते. देखभालीचे ५० आणि १०० तासांचे टप्पे, तसेच इंजिनाचे एकूण आयुष्य, पुष्कळ ठिकाणी याच तबकडीतल्या तासांवरून मोजले जाते. नवी तबकडी शून्यापासून किंवा दुसऱ्याच आकड्यापासून सुरू होते. शिवाय जुनी दोरी तुटल्यापासून ती बदलेपर्यंत जे उड्डाण झाले, ते तास कोणत्याच तबकडीवर उमटलेले नसतात. ते वैमानिकाच्या नोंदवहीतून शोधून, जुन्या तबकडीच्या शेवटच्या आकड्यात मिळवून, इंजिनाच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहावे लागतात.